तीन वर्षांपर्यंत लाळेरं? पाळणाघराशी झालेली माझी ओढाताण

मूल स्वतःच्या हाताने व्यवस्थित जेवत असताना त्याच्या गळ्यात लाळेरं बांधलंच पाहिजे, असा हट्ट एखादं पाळणाघर का धरतं? माझी मुलगी ईरा आता बालवाडीत जाते, त्या पाळणाघराशी आमचा संबंध उरलेला नाही, तरी हा विषय निघाला की माझं डोकं तापतं. ठाण्यात नोकरी करणाऱ्या कितीतरी आया याच फेऱ्यातून जात असतील, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

घरचा भाग सोपा गेला. सहा महिने पूर्ण झाल्यावर उष्टावण झालं. सासूबाईंनी जुन्या सुती साडीची लाळेरी शिवून ठेवली होती, कडेला पायपिंग आणि मागे नाडी. पुढे गोखले रोडवरून सिलिकॉनचं, खाली खिसा असलेलं एक आणलं. नाडीचं लाळेरं जेवण झाल्याबरोबर काढायचं, ते गळ्यात असताना मुलाला झोपवायचं नाही. झोपेत नाडी गळ्याभोवती आवळू शकते, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, आजी-आजोबांनासुद्धा.

नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमते, तिथून खरा पसारा सुरू होतो. भाताचं शीत उचलायचं, निरखायचं, खाली टाकायचं, परत उचलायचं. मग चमचा येतो. चमचा भरता येतो, पण मनगटावर ताबा नसतो, त्यामुळे तोंडाशी नेताना तो उलटतो आणि वरण-भात गळ्याखाली उतरतो. या काळात लाळेरं हवंच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

दीड वर्षानंतर ईरा ते ओढून काढायला लागली. चमचा बहुतेक वेळा सरळ पोचत होता, लाळ गळणं थांबलं होतं, आणि जेवण झाल्यावर बघितलं तर लाळेऱ्यावर एखाद-दोन डाग. डाग बसले तर गुडघ्यावर, म्हणजे जिथे लाळेरं पोचतच नाही तिथे! मग कशाला बांधायचं? आम्ही घरी ते बंद केलं. माझ्या मते हेच बघावं, वय बघू नये. कुणाचं दीड वर्षात सुटतं, कुणाचं अडीच-तीनपर्यंत चालतं, दोन्हीत काही बिघडत नाही.

आता पाळणाघर. माझं ऑफिस ऐरोलीला. सकाळी ईराला सोडायचं, ठाण्याहून वाशीची लोकल पकडायची आणि संध्याकाळी परत येताना तिला घ्यायचं, असा दिनक्रम. ती दुपारी काय आणि कसं जेवते, हे मला फक्त डायरीतल्या शेऱ्यावरून कळायचं. ‘जेवण पूर्ण’ किंवा ‘जेवण अर्धं’. नंतर ‘अर्धं’च जास्त यायला लागलं. घरी दोन्ही हातांनी खाणारी मुलगी तिथे का जेवत नाही, म्हणून एकदा मी अर्धा दिवस रजा टाकून नेमकी जेवणाच्या वेळी गेले.

ओळीने खुर्च्या मांडलेल्या. प्रत्येक मुलाच्या गळ्यात प्लास्टिकचं अस्तर असलेलं लांबलचक लाळेरं, आणि त्याचं खालचं टोक समोरच्या ताटलीखाली दाबून ठेवलेलं. म्हणजे मुलाचे दोन्ही हात लाळेऱ्याच्या आत. मावशी एका चमच्याने ओळीने भरवत चालल्या होत्या. ईरा आतून हात बाहेर काढायची धडपड करत होती, लाळेरं वर उचललं जात होतं आणि मावशी ते पुन्हा खाली दाबत होत्या. तिच्या मानेवर वेल्क्रोच्या कडेने लाल चट्टा उठला होता. मे महिन्यातला ठाण्याचा घाम, त्यात प्लास्टिक. मला रडूच आलं.

संचालिका मॅडमना भेटले. त्यांनी शांतपणे प्रवेशाचा फॉर्म काढून दाखवला. ‘वय तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत जेवताना बिब आवश्यक.’ खाली माझी सही. मी म्हटलं, “मॅडम, ती हाताने जेवते. तिला जेवू तर द्या.” तर म्हणाल्या, “अहो, इतकी मुलं आणि दोनच मावश्या. एकीला सूट दिली की उद्या सगळे मागतील. तुम्ही अर्ज द्या, बघू.”

अर्ज दिला. काही दिवसांनी विचारलं तर उत्तर आलं की डॉक्टरांचं पत्र जोडा. लाळेरं बांधू नये यासाठी डॉक्टरांचं पत्र! आमचे बालरोगतज्ज्ञ चांगले, त्यांनी लिहून दिलं की मुलीला स्वतःच्या हाताने जेवू द्यावे. त्यांनीच सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांच्या आहाराबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि मुलाच्या भुकेच्या खुणा ओळखून त्याला स्वतः खायला प्रोत्साहन द्यावं असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मी खुशीत पत्र घेऊन गेले. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, “यात हाताने जेवण्याबद्दल लिहिलंय. बिबबद्दल कुठे काय लिहिलंय?”

मग म्हणे, विषय पालकसभेत ठेवू. पालकसभा जुलैत होती, ती पावसामुळे पुढे गेली. मग गणपतीनंतर ठरली. गणपतीनंतर नवरात्र आलं, मग कुणीतरी रजेवर गेलं, मग म्हणाल्या आता दिवाळीच्या सुट्टीनंतरच. दरम्यान माझी मुलगी दुपारी अर्धपोटी राहत होती आणि संध्याकाळी घरी आल्या आल्या डब्यावर तुटून पडत होती. नवरा म्हणाला, पाळणाघर बदलू. पण स्टेशनच्या वाटेवरचं, माझ्या वेळेपर्यंत उघडं असणारं आणि महिन्याला परवडणारं दुसरं मिळणं किती कठीण आहे, हे ठाण्यात शोधलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. घोडबंदर रोडला चौकशी केली, तर तिथून संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये घरी यायलाच रात्र झाली असती.

शेवटी वाट सापडली ती मॅडमकडून नाही, मावशींकडून. एका संध्याकाळी ईराला घेताना मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, “मावशी, खरं सांगा, तुम्हाला त्रास नेमका कशाचा होतो? फरशी पुसायचा?” त्या म्हणाल्या, “फरशी तर रोज पुसतेच हो ताई. कपड्यांचं बोलणं खावं लागतं.” पूर्वी कुणा मुलीच्या नव्या फ्रॉकवर हळदीचा डाग पडला होता, आईने येऊन मोठा आवाज केला होता, त्यानंतर हा नियम निघाला. मला चटकन उलगडा झाला. प्रश्न मुलांच्या वयाचा नव्हताच, पालकांच्या तक्रारीचा होता.

दुसऱ्या दिवशी मी एका कागदावर सरळ लिहून दिलं: ‘माझ्या मुलीच्या कपड्यांवर जेवणाचे डाग पडल्यास माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.’ तारीख, सही. सोबत एक गडद निळा, जुना, मोठ्या मापाचा टी-शर्ट पाठवला, जेवायला बसताना अंगावरच्या कपड्यांवर चढवायचा आणि नंतर काढून पिशवीत टाकायचा. डब्यात सुकं दिलं. मऊ थालीपीठाच्या पट्ट्या, इडलीचे तुकडे, घट्ट कालवलेला मेतकूट-भात. मावशींनी हात मोकळे सोडले. ईराने डबा संपवला. डायरीत ‘जेवण पूर्ण’ वाचताना लोकलच्या गर्दीत उभी राहून मी हसत होते.

मॅडमना हे कळलं, त्या येऊन बघून गेल्या, आणि दिवाळीनंतर माझ्या जुन्या अर्जावर ‘मान्य’ असा शेरा पडला. नियम मात्र होता तसाच ठेवला. फॉर्मवरची ती ओळ आम्ही सोडेपर्यंत तिथेच होती. मी ईराच्या बाजूला बसणाऱ्या दोघा मुलांच्या आयांना माझ्या कागदाचा फोटो पाठवला, त्यांनीही तसंच लिहून दिलं. याचा मला अभिमान आहे.

सुका डबा म्हणजे कडक डबा नव्हे, हे राहिलंच सांगायचं. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न या वयात देऊ नका. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करून द्या, अख्खी कधीच नाही. घशात अडकतात. आणि मूल ताठ बसलेलं असताना, कुणीतरी समोर असतानाच खाऊ द्या.

हळदीच्या डागाचं. साबण लावला की तो लालभडक होतो, घाबरू नका, स्वच्छ पाण्यात धुतल्यावर लाली जाते. मग कपडा ओला असतानाच कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाने विटतो, दोन-तीन उन्हं लागली की बराचसा डाग जातो. जून ते सप्टेंबर ऊनच नसतं, त्या दिवसांत मी पाळणाघरात पिवळं काही पाठवायचेच नाही. आमटी-भात घरी, रात्री, जमिनीवर जुनी चादर पसरून. चादर उचलून गॅलरीत झटकली की काम झालं.

लाळेरं सुटल्यावरही लाळ गळत असेल तर? दात येण्याच्या काळात, दोन वर्षांपर्यंतसुद्धा, ते चालतं. चार वर्षांनंतरही सतत गळत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आणि पाळणाघर बघायला जाल तेव्हा फी, कॅमेरे, वेळ हे सगळं विचारालच. त्याबरोबर फॉर्मवर जेवणाबद्दल काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा, आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी अर्धा तास बसून बघू देता का, हे तोंडावर विचारा. आम्हाला बालवाडीसाठी फिरताना एकीकडे नाही म्हणाले, तिथून आम्ही तसेच परत आलो. दुसरीकडे म्हणाले, “या की, साडेबाराला बसतात मुलं.” ईरा तिथेच जाते.