गाद्यांची खोली

कुणाच्याही घरी गेलो की मी टाळी वाजवतो. एकच, हळूच. यजमानांना वाटतं, डास असेल. परवा दुपारी भाच्याचा नवा फ्लॅट पाहायला गेलो, रिकाम्या हॉलमध्ये वाजवली, तर टाळीच्या मागून एक बारीक झणझण धावत गेली. समोरासमोर दोन कोऱ्या भिंती, खाली गुळगुळीत टाइल्स, एका अंगाला अख्खी काच. "छान आहे," म्हणालो. छानच होता, फक्त आत बोलायचं नसेल तर.

अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागलो तेव्हापासूनची ही खोड. माईक विकत मिळतो, खोली असेल त्यातून निवडावी लागते. हॉल रस्त्याकडे. स्वयंपाकघराबद्दल न बोललेलंच बरं. मुलाची खोली १० बाय १०, उंचीही जवळपास तेवढीच, आणि असा चौरस डबा आवाजाला सगळ्यांत वाईट. दहा फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा सूर अडकतो, मग त्याच्या दुपटीचा, ११२चा. तिन्ही बाजू सारख्या म्हटल्यावर तिन्हीकडून तोच. बोलताना माझा आवाज नेमका तिथेच घोटाळतो, त्यामुळे मधलाच एखादा शब्द रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येतो.

यावर अंड्यांचे ट्रे लावायचा सल्ला देणारा एकजण प्रत्येक सोसायटीत असतो. ट्रेने फार तर वरवरची किणकिण थोडी कमी होते. घुमणारा खालचा सूर जिथल्या तिथे. शेजारच्यांचा मिक्सर तर ट्रेने काय, गादीनेही अडत नाही. त्याला जाड भिंत लागते आणि दाराखालची फट बुजवावी लागते.

आजोळी कोठीची खोली होती. ज्वारीची पोती, कणगी, वर मांडणीला गोधड्यांची चवड, भिंती मातीच्या. लपाछपीत तिथे शिरलं की कानांना काहीतरी व्हायचं. स्वतःचं "शू" सुद्धा ओठांपाशीच संपायचं. आजी ओसरीवरून जेवायला हाका मारायची आणि आम्हाला ऐकूच यायच्या नाहीत. निदान आम्ही तसं सांगायचो. अशी खोली आज बांधून घ्यायची तर खनिज लोकरीचे चार इंची पॅनेल, भिंतीपासून थोडं अंतर सोडून, कोपऱ्यांत आणखी जाड. आजीने नुसती पोती रचली होती.

हार्वर्डमधल्या वॉलेस सबाइन यांची गोष्ट मला म्हणूनच आवडते. १८९५ साली तिथल्या नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा आणि पुढच्या शब्दांवर येऊन बसायचा. हा तरुण प्राध्यापक रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणी, ऑर्गनची नळी वाजवी, आवाज विरेपर्यंत घड्याळ लावून बसे, आणि सकाळच्या आत गाद्या परत. ध्वनिशास्त्रातलं एक मोठं सूत्र या गाद्यांच्या ने-आणीतून निघालं. आवाज शोषण्याचं माप म्हणून त्यांनी धरली ती उघडी खिडकी, कारण बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. आमच्याकडे खिडकी उघडली तर आवाज जातो, पण त्याच्या बदल्यात भंगारवाला आत येतो.

शेवटी मागची अरुंद, लांबोडकी खोली घेतली. एका भिंतीला पुस्तकं, एकीकडे साड्यांचं कपाट, रेकॉर्डिंगच्या वेळी दारं उघडी. उरलेल्या भिंतींना उभ्या केल्या कापसाच्या जड गाद्या. पंखा बंद. मे महिन्यात दोन पानं वाचली की बनियन पिळावा लागतो, पण आवाज कोरडा येतो.

या गाद्या घरात होत्या त्या पाहुण्यांसाठी. लग्नाला, बारशाला, नाहीतर उगीचच आलेल्या माणसांसाठी. एका हॉलमध्ये ओळीने दहा जण झोपायचे. हल्ली सगळे जेवून रात्रीच परत निघतात, कॅब मिळते. गाद्या रिकाम्या झाल्या म्हणून तर माझी खोली झाली.

गेल्या उन्हाळ्यात मात्र आत्या राहायला आली. भिंतीवरच्या गाद्या उतरवल्या, वाचन थांबलं. तिने गाद्या मोजल्या आणि म्हणाली, "अरे, एवढ्या आहेत तर सगळ्यांनाच बोलाव की." मी म्हटलं, बघू.