‘प्रार्थनेत आठवण ठेवतो’ म्हटल्यानंतर

रविवारची उपासना सुटली की आवारात सलाम-सलाम होतो, हात हातात घेतले जातात आणि एक वाक्य हमखास कानावर पडते: “प्रार्थनेत आठवण ठेवतो हां.” म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण परतीची बस पकडेपर्यंत ते विसरायला होते, आणि ज्याला म्हटले त्यालाही हे ठाऊक असते. गोव्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांबद्दल माझे म्हणणे असे की आपल्याकडे प्रेमाची कमतरता नाही, नोंदीची आहे. उत्तेजन, म्हणजे एकमेकांना धीर आणि उभारी देणे, हा काही जणांचा गोड स्वभाव, बाकीच्यांनी ते घ्यायचे, अशी आपली समजूत असते. नवा करार तसे म्हणत नाही. इब्री लोकांस पत्र ३:१३ मध्ये ते रोजचे काम आहे आणि सगळ्यांचे आहे. १०:२४-२५ मध्ये तर एकत्र जमण्याचे कारणच ते आहे.

बर्णबाकडे बघा. प्रेषितांनी त्याला हे नाव (अर्थ ‘उत्तेजनाचा पुत्र’) दिले ते या गुणापायीच, पण प्रेषितांच्या कृत्यांत त्याची भाषणे अगदी थोडी आहेत. त्याने शेत विकले आणि पैसे आणून दिले (४:३७). यरुशलेमेत सगळे शौलाला (पुढे पौल म्हणून ओळखला गेलेला, आधी ख्रिस्ती लोकांना छळणारा) घाबरत होते, तेव्हा तो त्याला घेऊन प्रेषितांकडे गेला आणि दिमिष्काच्या वाटेवर प्रभू त्याला कसा भेटला, दिमिष्कात हा कसा निर्भयपणे बोलला, हे तपशिलाने सांगितले (९:२७). “माणूस चांगला आहे” एवढ्यावर त्याने भागवले नाही. अंत्युखियात काम वाढतेय असे दिसल्यावर तो तार्सास जाऊन शौलाला शोधून घेऊन आला, आणि दोघांनी वर्षभर शिकवले (११:२५-२६). त्यांचा सोबती मार्क सेवेच्या फेरीतून पंफुल्याहून अर्ध्यावर परतला होता. त्याला पुन्हा बरोबर घ्यावे यासाठी बर्णबाने पौलाशी वाद घातला, शेवटी वाटा वेगळ्या झाल्या (१५:३७-३९). पुढे पौलच मार्कला बोलावून घे म्हणतो, तो माझ्या उपयोगाचा आहे असे सांगतो (२ तीमथ्य ४:११). पैसा, जामीन, संधी, दुसरी संधी. यात गोड बोलणे शोधावे लागते.

बोलायचे तेव्हा मात्र नेमके बोलावे. “छान प्रार्थना केलीस” ही शाबासकी झाली, ती ऐकून माणूस पुढच्या वेळी आणखी छान प्रार्थना करायला बघतो, आणि तिथेच घसरतो. त्याऐवजी: “काकींच्या खोलीचा करार संपतोय हे तू लक्षात ठेवून नावानिशी मागितलेस, त्यांचे डोळे भरून आले.” यात काय केले, कोणासाठी केले, काय झाले हे तिन्ही आहे. ऐकणाऱ्याला कळते की लक्षात ठेवणे हेच आपले दान आहे. दहावी-बारावीच्या मुलांना हे फार लागते. त्यांना घरी, शाळेत टक्क्यांवरूनच ओळखतात. मंडळीत तरी कोणी म्हणावे की तू लहान मुलांना गाणे शिकवताना चिडला नाहीस.

हे सगळे घडायला घरोघरी जमणारा छोटा प्रार्थना-गट लागतो. आता तो इथे कधी जमवायचा हा प्रश्न. वास्को, मडगाव, पणजी, फोंडा इथल्या मराठी उपासनांना येणारी बरीच कुटुंबे कोल्हापूर, सांगली, नगरकडून नोकरीसाठी आलेली असतात. गोतावळा तिकडे, बिऱ्हाड इकडे. कोणी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर, कोणी बंदरात, कोणी कळंगुट-बागा पट्ट्यात हॉटेलात. ज्यांचे घरधनी जहाजावर आहेत त्या बायका सहा-आठ महिने घर, बँक, शाळा सगळे एकटीने ओढतात. म्हणून ‘गट रविवारी संध्याकाळी’ हा नियम इथे चालत नाही. ऑक्टोबर ते मार्च हॉटेलवाल्यांना रविवार मिळतच नाही, आणि ज्यांना उत्तेजनाची सर्वांत जास्त गरज तेच बाहेर राहतात. मंगळवार किंवा बुधवार धरा. पाळी बदलणारे असतील तर महिन्याच्या सुरुवातीला पाळीचा तक्ता मागून घ्या आणि त्यावर तारखा लावा. हे केले नाही तर दोन महिन्यांत गटात निवृत्त माणसे आणि पाळकसाहेब एवढेच उरतात.

गट आठ ते बारा जणांचा. सहाच्या खाली गेला तर एखाद-दुसरा आजारी पडताच सभा मोडते, पंधराच्या वर गेला की लाजरी माणसे तोंड उघडत नाहीत. सव्वा तास पुरतो: दहा मिनिटे गीत, पंधरा मिनिटे वाचन, वीस मिनिटे त्यावर बोलणे, वीस मिनिटे गरजा आणि प्रार्थना, दहा मिनिटे चहा. चहाबरोबर बिस्किटे, फार तर पोदेराकडचा पाव. एका घरी समोसे झाले की पुढच्या घरी बिर्याणी होते, आणि तिसरे घर “आमच्याकडे जागा लहान आहे” म्हणून माघार घेते. जागा लहान नसते, खर्च मोठा असतो. खाण्याचा नियम पहिल्याच दिवशी ठरवून टाकावा.

सगळ्यांत जास्त गडबड होते ती गरजांच्या वीस मिनिटांत. विषय सांगता सांगता गोष्ट लांबते, मग सल्ले सुरू होतात, आणि प्रार्थनेला चार मिनिटे उरतात. यावर उपाय म्हणजे चिठ्ठी. आल्या आल्या प्रत्येकाने एका ओळीत एक विषय लिहायचा. ज्यांना मराठी लिहिणे जड जाते त्यांनी शेजाऱ्याला सांगून लिहून घ्यायचे. चिठ्ठ्या वाटून टाकायच्या. जो वाचेल तो त्याच विषयासाठी प्रार्थना करेल आणि आठवडाभर त्या माणसाचा तो धनी, म्हणजे त्याची विचारपूस याच्याकडे. चौथ्या दिवशी त्याने फोन करायचा. मेसेज नाही, फोन. “काय झाले त्या मुलाखतीचे?” एवढेच विचारायचे. सगळा कार्यक्रम बाजूला ठेवून एवढी एकच गोष्ट उचलली तरी मंडळीचा नूर बदलतो.

आणि वही. शंभर पानी, साधी. डावीकडे तारीख, नाव, विषय. उजवीकडचे पान कोरे. तीन आठवड्यांनी जे झाले ते उजवीकडे लिहायचे, ‘नाही मिळाले’ हेही. काही पाने कोरीच राहतात, राहू द्यावीत. कोरे पान दिसले की विषय पुन्हा उचलला जातो, नाहीतर “मागे प्रार्थना केली होती” म्हणून आपण मोकळे होतो. साक्षीच्या वेळीही वही कामाला येते, कारण आपल्या साक्षी बहुतेक जिंकल्याच्या असतात: नोकरी लागली, व्हिसा मिळाला. अजून काहीच न घडलेल्या माणसालाही ‘मी अजून मागतोय’ अशी अर्धी साक्ष देता आली पाहिजे, आणि तिलाही ‘आमेन’ मिळाले पाहिजे.

वहीत काय लिहू नये हेही ठरवा. नवऱ्याचे पिणे, घरातली मारहाण, मुलीचे लग्न मोडणे, कर्जाचा आकडा, आजाराचे नाव. यासाठी ‘घरची अडचण’ एवढे पुरे. प्रार्थनेचा विषय म्हणून एखादी गोष्ट तिसऱ्या घरी पोचली की ती चुगलीच असते, वर कितीही आमेन लावा. ज्याची गोष्ट त्याला आधी विचारल्याशिवाय ती गटाबाहेर, अगदी पाळकांकडेही, न्यायची नाही. अपवाद एकच: कोणाच्या जिवाला किंवा लहान मुलाला धोका असेल तर गुप्तता बाजूला आणि मदत आधी. व्हॉट्सअॅपवर तर फक्त वेळ आणि पत्ता. सकाळी सहाला फुलांच्या चित्रावरची वचने येऊ लागली की खऱ्या निरोपाकडे कोणी बघत नाही. (आणि हो, इस्पितळातल्या पेशंटचा फोटो टाकून प्रार्थना मागू नये. हे सांगावे लागते.)

आजारपणात काय करायचे याचा धडा १ राजे १९ मध्ये आहे. संदेष्टा एलीया झाडाखाली मरण मागत पडला होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा भाकर दिली. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस गप्प बसले होते तोवर ठीक होते. तोंड उघडले आणि बिघडले. आपल्याकडे पेशंट बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) असेल तर वॉर्डात जाऊन स्तोत्र वाचण्याआधी बाहेर बसलेल्या नातेवाइकाकडे बघा. त्याला चादर, थर्मास, चार्जर आणि दोन तासांची झोप हवी असते. डबा न्यायचा तर पेज, लोणचे, सुकी भाजी. रस्सा नको, सांडतो. वास्कोहून पणजीची बस कुठ्ठाळीवरून जाताना बांबोळीला थांबते, म्हणून वास्कोच्या गटाला पाळ्या लावणे अवघड नाही: एक माणूस सकाळी, एक संध्याकाळी. भेट दहा मिनिटांची, प्रार्थना दोन मिनिटांची, आवाज खाटेपुरता. “काही लागले तर सांगा” म्हणू नका. कोणी सांगत नाही. “गुरुवारचा डबा माझा” असे म्हणा.

एक वाक्य मात्र कोणाच्याही खाटेपाशी उच्चारू नये: “विश्वास कमी पडला असेल.” यामुळे माणसे गोळ्या बंद करतात. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, झोपेच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तेव्हाच बंद होतात, आणि प्रार्थना त्याबरोबर चालू राहते. मन काळोखात गेलेल्यांसाठी बांबोळीलाच आयपीएचबी हे मनोरुग्णालय आहे, आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दारूसाठी गोव्यात अल्कोहोलिक्स अनॉनिमसचे गट आहेत. नुसती शपथ घेऊन दारू सुटत नाही. सोबत जाणारा एक माणूस लागतो, आणि तो गटातून मिळू शकतो.

पैशांचे थोडक्यात. गटात उसने देणे-घेणे नको. घेणारा परत करू शकला नाही की तो आधी नजर चुकवतो, मग येणे बंद करतो. पैसेही जातात आणि भाऊही. द्यायचे तर दान म्हणून, खजिनदार आणि आणखी एकाच्या हातून, नाव न सांगता. याकोबाचे पत्र २:१५-१६ (उघड्या-उपाशी भावाला नुसते शब्द देऊन काय उपयोग?) वाचून नुसते “धीर धरा” म्हणून उठायची सोय उरत नाही, पण धीर आणि उधारी यांतही अंतर आहे. तसेच, जिचा नवरा बाहेर आहे तिच्या घरी एकट्या पुरुषाने भेटीला जाऊ नये. दोन बायकांनी जावे.

उत्तेजनात चूक दाखवणेही येते, नाहीतर ते खुशामतीत जमा होते. पण ती चारचौघांत नको, उपदेशातून आडून तर मुळीच नको. एकट्याला गाठून, एकच गोष्ट, गेल्या आठवड्यातली. पाच वर्षांचा हिशोब काढायचा नाही. आणि ज्याच्यासाठी तुम्ही कधी डबा नेला नाही, त्याची चूक काढायला तुम्ही जाऊ नका. दुसरा कोणी जाईल.

वाचनासाठी पावसाळा उत्तम. जूनच्या पहिल्या आठवड्यात मार्कचे शुभवर्तमान सुरू करा, आठवड्याला एक अध्याय. सोळा अध्याय सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संपतात, हॉटेलचा हंगाम लागायच्या आत. वीज जाते, म्हणून मोठ्या अक्षराची एक प्रत आणि चार्जिंगचा दिवा यजमानाकडे असू द्या. इंग्रजी माध्यमातली मुले मराठी अडखळत वाचतात. त्यांना आदल्या दिवशी चार-पाच वचने ठरवून द्यावीत, आयत्या वेळी उभे करू नये. एकदा हसे झाले की मूल पुढल्या वेळी पोटदुखी काढते. वाचनावर बोलायला प्रश्न तीनच ठेवा: इथे देव कसा दिसतो, मला काय खटकते, या आठवड्यात मी काय करणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर करता येण्यासारखे हवे. ‘जास्त प्रेम करीन’ चालत नाही. ‘घरमालकाशी भांडण झालेय, शुक्रवारी जाऊन बोलतो’ चालते, आणि तेही वहीत जाते.

गाणी पेटी-टाळावर, ओवी-अभंगाच्या चालीवर असली तर कोकणी शेजारीही दारात थांबतात. ही चाल इथे उपरी नाही. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्सचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण साष्टीतल्या रायतूरला १६१६ मध्येच छापले गेले. शेजारी डोकावला तर खुर्ची पुढे करा, पत्रक नको.

गट चौदाच्या वर गेला की फोडायचा, आणि हे सुरू करतानाच सांगून ठेवायचे, म्हणजे रुसवे होत नाहीत. फोडताना नवे कुटुंब एकटे पाठवू नका. त्याला फोन करणारा धनी त्याच्याबरोबर जायला हवा. वही जुन्या गटाकडे राहते. नवा गट नवी वही घेतो आणि मोकळे राहिलेले विषय तिच्यात उतरवून घेतो.