विसरलेला हातचा

माझ्या लिहिण्याच्या टेबलाच्या खणात, अगदी तळाशी, पेन्सिलीने केलेली एक बेरीज आहे. अक्षर माझे नाही; टेबल मी वापरलेले घेतले, तेव्हा ती त्याच्याबरोबरच घरात आली. एकाखाली एक नीट मांडलेल्या पाच रकमा, खाली रेघ, रेघेखाली उत्तर, आणि शतकस्थानचा हातचा मिळवायचा राहून गेल्यामुळे ते उत्तर चुकलेले. हिशेब कशाचा होता कोण जाणे, पण टेबलाच्या पहिल्या मालकाशी माझी तेवढीच ओळख आहे आणि ती मला पुरेशी वाटते.

हे टेबल घेताना मी बराच वेळ लावला होता. जुन्या फर्निचरचा वरचा तकतकीतपणा फसवा असतो, म्हणून आधी खण पूर्ण बाहेर काढून उलटा करावा, हे मला एका सुताराने शिकवले. या खणाच्या पुढच्या आणि बाजूच्या फळ्या एकमेकींत दात रुतवून बसवलेल्या होत्या, खिळा कुठेच नव्हता, आणि तळाची फळी खाचेत मोकळी सरकवलेली होती, कारण हवेतल्या दमटपणाने लाकूड फुगते आणि त्याला हलायला जागा लागते. असे लाकूड घासून पुन्हा पॉलिश करता येते. भुसा आणि डिंक दाबून केलेल्या बोर्डाचे तसे नसते. त्याच्या कडेतून एकदा पाणी शिरले की तो फुगून बसतो आणि त्यातून काढलेला स्क्रू पुन्हा त्याच भोकात धरत नाही. पंचवीस-तीस वर्षे कुणाच्या तरी घरात वापरून झालेले आणि तरीही न डुगडुगणारे टेबल म्हणजे परीक्षा देऊन पास झालेली वस्तू. नव्या वस्तूची परीक्षा आपल्या पैशाने व्हायची असते.

या यशाने मी थोडा शेफारलो आणि पुढच्याच वर्षी जुना फ्रिज घेतला. बाहेरून तो निष्कलंक होता आणि इतका स्वस्त होता की घासाघीस करायचीही लाज वाटली. पहिले विजेचे बिल आले तेव्हा मी मीटर बिघडला असेल असे समजलो, दुसरे आल्यावर मात्र फ्रिजच्या दारात कागदाचा कपटा अडकवून ओढून पाहिला, तर तो अलगद सुटून हातात आला. दाराचे रबर ढिले पडले होते, आतला गारवा बाहेर जात होता आणि कॉम्प्रेसर बिचारा रात्रंदिवस धापा टाकत होता. दोन वर्षांत किमतीत वाचवलेले सगळे विजेत गेले. विकणाऱ्याने काही लपवले नव्हते, हातचा मीच विसरलो होतो. टेबल एकदा घेतले की काही मागत नाही. विजेवर चालणारी वस्तू रोज मागते.

तेव्हापासून मी रोज मागणाऱ्या गोष्टींकडे जरा संशयाने पाहतो. साठ वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट खातो, आणि जवळपास तेवढाच उजेड देणारा नऊ वॅटचा एलईडी दिवा दीड युनिटसुद्धा नाही. गळक्या नळाचा दर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाचे ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी दिवसाला चार लिटरांहून जास्त आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून जास्त पाणी होते. थेंबे थेंबे तळे साचते तसे ते आटतेही, आणि ते थांबवणारा वायसर अंगठ्याच्या नखाएवढा असतो.

काही वस्तू मात्र मी कधीच वापरलेल्या घेत नाही. हेल्मेटच्या आतला फोम एकच जोराचा धक्का पचवण्यासाठी असतो, आणि तो पचवून झाला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. गादीबद्दल ढेकणांवर विश्वास असणाऱ्यांनी आपले आपण ठरवावे. पुस्तके खुशाल जुनी घ्यावीत.

चादरीबद्दल मात्र थोडे सांगितलेच पाहिजे. चादर नेहमी मधोमध विरते, कडा शाबूत राहतात. तेव्हा ती मधून उभी फाडायची, दोन्ही धडक्या कडा मध्ये आणून जोडायच्या आणि विरलेला भाग बाजूंना घेऊन दुमडून शिवायचा. चादर थोडी अरुंद होते, पाठीखाली शिवण येते आणि पहिल्या चार रात्री ती टोचते, हे कबूल करतो. माझ्या घरात या प्रयोगाला स्पष्ट शब्दांत चिकटपणा म्हटले गेले. पाहुण्यांच्या अंथरुणावर ती चादर घालायची नाही, एवढ्या अटीवर तह झाला.

मध्यंतरी टेबलाला पॉलिश करून घेतले. खण उलटा करताना सुताराला ती बेरीज दिसली, त्याने पॉलिशपेपर खाली ठेवला, मनातल्या मनात आकडे मोजले आणि म्हणाला, "उत्तर चुकलंय." मी म्हणालो, "माहीत आहे, तेवढं राहू द्या."