टाकीखालचं काम: आमची वाटचाल

मोटरहोम, म्हणजे संडास-मोरीसकटचं चाकांवरचं घर, घेऊन फिरणाऱ्यावर एक वेळ कधी ना कधी येतेच. डंप स्टेशनवर, म्हणजे टाकीतला मैला सोडायच्या जागी, तो होज जोडायला खाली वाकतो, पाइपाच्या तोंडावरचं झाकण फिरवतो, आणि टाकीची झडप बंद असूनही आत साचलेलं मैलापाणी थेट बुटांवर येतं. मग तो आम्हाला फोन करतो.

मी अमेरिकेत फिनिक्सला एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. तो बंद पडला. जवळ एक जुनी व्हॅन आणि पान्यांची पेटी होती. बायको म्हणाली, दुसरी नोकरी मिळेपर्यंत हिवाळाभर क्वार्ट्झसाइटला जाऊन बघू. पश्चिम ॲरिझोनातलं, आय-10 महामार्ग आणि 95 नंबरचा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात तिथलं हे वाळवंटी गाव. उन्हाळ्यात तिथे चिटपाखरू नसतं, पण आषाढीला पंढरपूरचं जे होतं ते या गावाचं जानेवारीत होतं. कॅनडातल्या अल्बर्टा, अमेरिकेतल्या मिनेसोटाकडची निवृत्त मंडळी थंडी टाळायला घरासकट येतात. गावाच्या दक्षिणेला ला पोसा म्हणून सरकारी जमिनीवरचा तळ आहे. तिथे 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल लांबचा मुक्काम करता येतो. आमचं दुकान म्हणजे त्या तळावर फिरणारी व्हॅन.

डोक्यात होतं सोलर, फ्रिज, एसी दुरुस्त करायचं. ते करणारे तिथे पुष्कळ निघाले. टाकीखाली आडवं व्हायला मात्र कुणी राजी नव्हतं. पहिल्या आठवड्यात तीन कामं आली, तिन्ही झडपांची.

आईला फोनवर सांगितलं तर बराच वेळ ती गप्पच. मग म्हणाली, "अमेरिकेत जाऊन संडासाच्या टाक्या?" हे काम कुणी करायचं ते आपल्याकडे जन्मावरून ठरत आलंय. तिची कुचंबणा मला कळत होती, आवडत नव्हती. पुढे कितीतरी वर्षं ती नातेवाइकांना "गाड्यांचं काम करतो" एवढंच सांगायची. वडील किर्लोस्करवाडीला पंपांच्या कारखान्यात फिटर होते. त्यांनी फोन घेऊन एकच विचारलं, "गेट व्हॉल्व्ह का बटरफ्लाय?"

गेट. पाइपांच्या दोन फ्लँजच्या, म्हणजे रुंद कडांच्या, मध्ये प्लास्टिकची चौकट, तिच्यात मागेपुढे सरकणारी पातळ पाती, दोन्ही अंगांना एकेक रबरी सील, आणि सगळं धरून ठेवणारे चार बोल्ट. संडासाच्या टाकीला 3 इंची, मोरीच्या पाण्याला बहुधा दीड इंची. चार बोल्ट काढायचे, जुनी झडप ओढून काढायची, फ्लँज खरवडून साफ करायचे, सीलना सिलिकॉन ग्रीस लावायचं आणि नवी झडप सरकवायची. सांगायला पाच मिनिटं लागतात. सरकवताना सीलची कड दुमडली तर बाहेरून काही दिसत नाही, टाकीत पाणी भरलं की ठिबकायला लागतं.

पहिल्या हंगामात माझ्याकडून उलटीच चूक झाली. लोखंडी यंत्रांची सवय, बोल्ट पिळून आवळले. चौकट वाकली आणि पाती अर्ध्यात अडकली, टाकी भरलेली असताना. त्या आजोबांचं काम फुकटात पुन्हा केलं आणि तळावर आठ दिवस थट्टा ऐकून घेतली. वडील म्हणाले, "प्लास्टिक आहे ते, बिडाचं लोखंड नाही. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळ." तेव्हापासून तसंच करतो, आणि आधी टाकीत स्वच्छ पाणी भरून तपासल्याशिवाय पैसे घेत नाही.

2020 च्या मार्चमध्ये कॅनडाची सीमा बंद झाली आणि त्या हिवाळ्यात आमचे कॅनेडियन आजी-आजोबा आलेच नाहीत. व्हॅन विकायचं बोलणं घरात सुरू होतं. पण त्याच काळात विमान आणि हॉटेल टाळायला अनेक अमेरिकन कुटुंबांनी पहिल्यांदाच मोटरहोम घेतलं होतं. जागेवर ड्रेनची जोडणी मिळाली की ही मंडळी घरच्यासारखी संडासाची झडप उघडीच ठेवायची. पाणी वाहून जातं, घट्ट भाग मागे राहतो आणि कमोडखाली त्याचा सुळका वाळत जातो. क्वार्ट्झसाइटच्या दफनभूमीत, 1856 मध्ये अमेरिकी सैन्याच्या उंटांबरोबर आलेल्या हाजी अलीचा, म्हणजे इथल्या भाषेत 'हाय जॉली'चा, दगडी पिरॅमिड आहे. टाकीतल्या सुळक्यालाही इथे पिरॅमिडच म्हणतात. त्या वर्षी आम्ही दुसऱ्या प्रकारचेच जास्त पाहिले.

झडप बंदच ठेवा, टाकी बऱ्यापैकी भरली की आधी संडासाची सोडा आणि मग मोरीची, म्हणजे होजही धुऊन निघतो. हे सांगून माझं तोंड दुखतं. व्हॅसलीन लावू नका, तेलाने रबर फुगतं. आणि ठिबकतंय म्हणून लगेच नवी झडप मागू नका. बरेचदा पातीच्या खाचेत कागद नाहीतर इथल्या जड पाण्याचा क्षार बसलेला असतो. टाकीत पाणी भरून पातीचा दांडा सात-आठ वेळा आत-बाहेर केला की सुटतो. अशा वेळी आम्ही फक्त फेरीचे पैसे लावतो. बायको म्हणते, दुरुस्तीपेक्षा या न केलेल्या दुरुस्तीनेच गिऱ्हाईक जास्त जोडलं.

खरा घाम काढतात त्या केबलने ओढायच्या झडपा. दांडा एका कोपऱ्यात, झडप दोन-तीन मीटर आत, गाडीच्या पोटाखालच्या बंद पत्र्याच्या वर. केबल गंजली की दांडा हलत नाही, जोर लावला तर केबल मुडपते. पत्रा कापा, काम करा, परत बंद करा, अख्खा दिवस जातो. ज्यांना तेवढा खर्च नको त्यांना पाइपाच्या तोंडावर फिरवून बसवायची जादा झडप देतो. ती तात्पुरतीच, हे बिलावर लिहून देतो, तरी काही जण ती तीन-तीन हंगाम ओढतात.

आता व्हॅन दोन आहेत, एक मदतनीस आहे. बायकोच्या वहीत दोनशेच्या वर गाड्या नोंदलेल्या आहेत: कुठली झडप, दांड्याची लांबी किती, पत्रा कुठे कापला होता. वडील एकदा येऊन गेले, टाकीखाली सतरंजी टाकून झोपले आणि चारही बोल्ट स्वतः आवळले. फोटो आईनेच काढला.

15 सप्टेंबर जवळ आलाय. 3 इंची सीलची खोकी अजून मोजायची आहेत.