जुन्या कडप्प्यावर ग्रॅनाइट टाइल: कमी खर्चात ओटा नवा

आमच्या जुन्या फ्लॅटमधला कडप्प्याचा ओटा भक्कम होता, फक्त वरून पार पांढुरका पडलेला. कडप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड, त्यामुळे लिंबू, चिंच, ताक असलं आंबट सांडलं की पॉलिश जातंच. मार्बलचंही तेच, म्हणून कितीही स्वस्त मिळाला तरी ओट्याला मार्बल घेऊ नका असं मी प्रत्येकाला सांगते.

मिस्त्री म्हणत होता सगळं तोडून नवा ग्रॅनाइट स्लॅब टाकू, पण तोडायची मजुरी, राबिट उचलायचे पैसे, खालच्या उभ्या कडप्प्यांना धक्का, भिंतीच्या टाइल्स फुटणार त्या वेगळ्याच. आम्ही जुना ओटा तसाच ठेवून त्यावर 10 एमएमच्या ग्रॅनाइट टाइल्स बसवल्या आणि मला हा निर्णय अजूनही शंभर टक्के पटतो. अट एकच, खालचा ओटा हलत नसला पाहिजे. वरून दाबून बघा, ठोकून बघा, कुठे तडा गेलाय का ते खाली वाकून बघा.

टाइल घेताना दोन टेस्ट दुकानातच करा, दुकानदार काही म्हणत नाही. थिनरमध्ये भिजवलेलं पांढरं फडकं काळ्या टाइलवर घासा, काळं उतरलं तर रंग मारलेला माल आहे. आणि पाण्याचे थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसल्यावर डाग गडद दिसला म्हणजे दगड पाणी पितोय, उद्या तेल-हळदही पिणार (पाणी-तेल मुरू नये म्हणून वरून सीलर मारता येतो, पण तो परत परत मारावा लागतो). रंगाचं म्हणाल तर एकदम जेट ब्लॅकवर पाण्याचे ओघळ आणि पीठ लगेच दिसतं, त्यापेक्षा बारीक ठिपक्यांचा रोजच्या स्वयंपाकाला खूप बरा.

आता साइज, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. बरेच जण 1 बाय 1 फुटाच्या टाइल्स घेतात, मग ओट्याच्या मधोमध आडवा लांबच लांब जॉइंट येतो आणि पोळ्या लाटताना सगळं पीठ त्यात. 2 बाय 1 ची टाइल घ्या आणि 2 फुटाची बाजू भिंतीकडून आपल्याकडे येईल अशी लावा, ओट्याची रुंदी साधारण तेवढीच असते, त्यामुळे आडवा जॉइंट येतच नाही. आमचा एल आकाराचा, एक बाजू 8 फूट, दुसरी 5. हिशोब करताना कोपरा दोनदा मोजला जात नाही ना ते बघा, 13 गुणिले 2 करून 26 स्क्वेअर फूट सांगतात, खरे भरतात 22, म्हणजे 11 टाइल्स. वर दोन जास्तीच्या घ्या, त्याच लॉटमधल्या, कारण नंतर शेड जुळत नाही.

बसवताना कडप्प्यावर आधी छिन्नीने टाचे, म्हणजे बारीक खाचा, मारून घ्यायचे, तेलकटपणा धुऊन काढायचा, गुळगुळीत दगडावर काहीच नीट धरत नाही. साधं सिमेंट नको, टाइल अ‍ॅडहेसिव्ह वापरा, दातेरी थापीने ओट्यावर आणि पातळ हात टाइलच्या पाठीलाही, कारण 10 एमएमच्या टाइलखाली पोकळी राहिली आणि वर खलबत्ता वाजला की ती फुटणारच. दुसऱ्या दिवशी प्रत्येक टाइल नाण्याने वाजवून बघा, पोकळ आवाज आला तर ती तेव्हाच काढायला लावा. उतार सिंककडे, अगदी थोडासा. पुढच्या कडेला त्याच ग्रॅनाइटची पट्टी आणि मोल्डिंग, म्हणजे खालचा जुना कडप्पाही झाकला जातो. ओट्याची उंची दीड सेंटीमीटरच्या आसपास वाढते, तेव्हा सिंक परत वर घेऊन बसवावं लागेल हे प्लंबरला आधीच सांगा.

जिथे पैसे वाचवू नका ते म्हणजे जॉइंट. जॉइंट भरायचं सिमेंटचं ग्राउट महिन्याभरात हळदीने पिवळं होतं, इपॉक्सी ग्राउट महाग आहे पण 22 स्क्वेअर फुटाला लागतं किती, आणि ते भरल्या भरल्या लगेच ओल्या स्पंजने पुसायला मिस्त्रीच्या मागे उभं राहा, एकदा वाळलं की टाइलवरून निघता निघत नाही. ज्यांच्याकडे जुना कडप्पा नाहीच त्यांनी ग्रॅनाइटच्या गोडाऊनमध्ये कटपीस विचारा, मोठ्या ऑर्डरमधून उरलेले 3-4 फुटांचे जाड तुकडे असतात, छोट्या किचनला दोन तुकड्यांत काम होतं, फक्त जॉइंट सिंकच्या कोपऱ्यावर येऊ देऊ नका.