तुम्ही विचारलंत म्हणून: खाडी की पृथ्वीचे पोट?

“समुद्र की जमीन, तुमचा नेमका विषय कोणता?” हा प्रश्न मला लग्नकार्यात, रेल्वेच्या डब्यात आणि एकदा तर नोकरीच्या मुलाखतीतही विचारला गेला आहे. मी द्रवगतिकीचा, म्हणजे द्रव कसे वाहतात याचा, अभ्यासक आहे. खाडीतल्या भरती-ओहोटीची गणिते मांडतो आणि प्रावरणातल्या, म्हणजे भूकवच आणि गाभा यांच्या मधल्या सुमारे २,९०० किलोमीटर जाडीच्या खडकाळ थरातल्या, प्रवाहांचीही. ऐकणाऱ्याला हे दोन डगरींवर पाय ठेवल्यासारखे वाटते.

पाऊस ओसरल्यावर कोकणातल्या एखाद्या खाडीत होडी उभी करून वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडली, तर पुष्कळदा वरचे गढूळ गोडे पाणी समुद्राकडे चाललेले दिसते आणि दोरीचा खालचा भाग मात्र उगमाकडे ओढला जातो. खारे पाणी जड असल्यामुळे ते तळाशी पाचरीसारखे आत घुसलेले असते. प्रावरणातही जड खाली आणि हलके वर हाच न्याय चालतो. तिथे मिठाची जागा उष्णता घेते एवढेच.

“पण खडक वाहतो?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. तो घनच आहे. भूकंपाच्या ज्या लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत, त्या प्रावरणातून पार होतात. तरीही हजारो वर्षांच्या हिशेबात तो वाहतो. त्याची श्यानता, सोप्या शब्दांत दाटपणा, पाण्याच्या सुमारे एकावर चोवीस शून्ये इतकी पट आहे. थंडीत काकवीची बरणी कलती केली की धार यायला किती वेळ लागतो ते आठवा. तीच बरणी चुलीजवळ ठेवली की काकवी सरसर वाहते. खडकही तापला की असाच सैल पडतो, म्हणून प्रयोगशाळेत आम्ही साखरेचा दाट पाक काचेच्या टाकीत खालून तापवतो. बराच वेळ काहीच होत नाही. मग तळाचा थर एका जागी फुगतो आणि अळंबीसारखे डोके घेऊन सावकाश वर चढू लागतो. असा पाक ढवळणे थांबवले की तो जवळपास त्याच क्षणी थांबतो. खाडीचे पाणी मात्र रेटा संपल्यावरही काही काळ त्याच दिशेने चालत राहते. नाविए आणि स्टोक्स यांची प्रवाहाची समीकरणे दोन्हीकडे तीच, फक्त कोणते पद ठेवायचे आणि कोणते सोडायचे हे बदलते, आणि खरे सांगायचे तर आमच्या कामातली निम्मी अक्कल त्या सोडण्यातच आहे.

मात्र हे दोन्ही विषय एकाच टेबलावर येण्याचे मला पटलेले कारण वेगळे आहे. स्वीडनच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या एका बेटावर सेल्सियस (हो, तापमापकाचेच) यांनी १७३१ साली एका खडकावर समुद्राच्या पातळीची खूण करून ठेवली. ती आज पाण्यापासून सुमारे दोन मीटर वर आहे. समुद्र आटतो आहे, असे सेल्सियस यांना वाटले होते. प्रत्यक्षात जमीन वर येते आहे. हिमयुगात तिथे जवळपास तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्याच्या भाराने खालचे प्रावरण बाजूला सरकले आणि बर्फ वितळून हजारो वर्षे लोटली तरी ते अजून परततेच आहे. स्वीडन आणि फिनलंड यांच्या मधल्या बोथनियाच्या आखाताच्या उत्तर भागात किनारा वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर उचलला जातो. या उचलण्यावरूनच भूभौतिकशास्त्रज्ञ नॉर्मन हॅस्केल यांनी १९३५ मध्ये प्रावरणाची श्यानता काढली. वरची चोवीस शून्ये तिथून आली.

मुंबईत अपोलो बंदरावरच्या भरतीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. मोजणी जमिनीला बांधलेल्या यंत्राने होत असल्यामुळे पाणी चढले की जमीन खचली, हे ती नोंद एकटी सांगू शकत नाही. म्हणून समुद्र किती चढला हे काढताना प्रावरणाच्या संथ हालचालीची वजावट करावी लागते. मुंबईसाठी ती बोथनियाच्या मानाने फारच लहान आहे, परंतु समुद्राची वाढही वर्षाला मिलिमीटरमध्येच मोजायची असल्याने तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. मुलाखतीत मी यातले काहीच सांगितले नाही. “दोन्ही,” एवढेच म्हणालो, आणि ती नोकरी मिळाली नाही.