कटाशिवाय भाजी: आमची वाटचाल

बेळगावात पोळी-भाजीचं दुकान काढायचं आणि भाजीवर कट द्यायचा नाही, हे २००७ साली आम्ही घरात बोललो तेव्हा सासरेबुवा म्हणाले, "मग गिऱ्हाईक खाणार काय?" त्यांचंही चूक नव्हतं. आपल्याकडच्या माणसाला भाजीवर लाल तेल तरंगताना दिसलं नाही तर स्वयंपाक्यानं हात आखडला असं वाटतं. अख्खा मसूर, एण्णेगायी म्हणजे तेलातली भरली वांगी, तेल सुटलेला झुणका मलाही आवडतो. पण रोज दोन्ही वेळा डबा खाणाऱ्याचं पोट किती दिवस ते सोसेल? मोठा चमचाभर तेल म्हणजे जवळजवळ १२० कॅलरी, आणि खानावळीतल्या एका वाटीत असे दोन-तीन चमचे सहज असतात.

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ आमच्या घराच्या पुढच्या खोलीत सुरुवात केली. मी आणि माझी थोरली जाऊ. तिला मी अक्का म्हणते. तिचं माहेर चंदगडकडचं, माझं निपाणीचं. मला हिशेब येतो, तिला माणसं ओळखता येतात आणि कानडी चोख येतं. एपीएमसीत सौद्याला तीच जायची. धंद्यातल्यांना सांगायला नको, आपल्याकडचा भाजीचा दर निम्मा गोवा ठरवतो. तिकडे सणवार आला, चोर्ला घाटानं इथल्या भाजीच्या गाड्या तिकडे जास्त गेल्या, की इथल्या कोथिंबिरीला हात लावता येत नाही. म्हणून अक्कानं कडोली-उचगावच्या शेतकऱ्यांशी थेट बांधून घेतलं. गोव्याला न जाणारा माल आम्ही घ्यायचो: वाकडा दोडका, बारका दुधी, पडवळ. चवीला त्यात काही कमी नसतं.

आता कढईबद्दल. कमी तेलात सुकी भाजी करायची तर पातळ बुडाचं भांडं कामाचं नाही, खाली करपतं आणि वर कच्चं राहतं. बाजारातल्या कढया आमच्या मापाच्या नव्हत्या. आमच्या ह्यांचा शाळेपासूनचा मित्र उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डर होता. त्याला अक्का म्हणाली, "अरे, पंपांची बॉडी ओततोस, आम्हाला एक कढई ओतून दे की." मालकाची परवानगी घेऊन त्यानं बिडाची कढई ओतली, कान धरून दोघींना उचलावी लागेल अशी. पहिले काही दिवस तिच्यात सगळं चिकटायचं. कांदा, मीठ आणि शेंगतेल घालून ती पुन्हा पुन्हा तापवली, तेव्हा कुठे वळणावर आली. आज पाच किलो घेवड्याला तिच्यात जेमतेम वाटीभर तेल लागतं. तिच्यावर पितळी परात झाकायची आणि परातीत पाणी ओतून ठेवायचं, म्हणजे आतली वाफ थंड होऊन परत भाजीतच पडते. वरचं पाणी गरम झालं की लागेल तसं तेच भाजीत घालायचं. मात्र बिडात चिंच, टोमॅटो, आमसूल शिजवू नका आणि भाजी झाल्यावर आत ठेवू नका. वांगं तर काळं ठिक्कर पडतं. अंबाडीची भाजी आम्ही आजही स्टीलच्या पातेल्यातच करतो.

त्यानंतरची दहा-अकरा वर्षं बरी गेली. मुलांची शिक्षणं झाली, पुढचं दुकान भाड्यानं घेतलं.

२०१९ मध्ये आमच्याकडे डबे पोचवणारा मुलगा सोडून गेला. नाव लिहीत नाही, या भागातल्यांना ठाऊक आहे. घरातल्यासारखा वावरायचा, अक्का त्याला आधी जेवायला वाढायची. जाताना तो गिऱ्हाइकांची वही घेऊन गेला आणि महिन्याभरात आमच्यापासून हाकेच्या अंतरावर त्याचं केंद्र उघडलं. आमच्यापेक्षा दहा रुपयांनी स्वस्त डबा, वर बोटभर कट, आणि पालक कसा, तर हिरवागार. तो सोडा घालतो हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं, कारण पालेभाजीचा असा गुळगुळीत लगदा सोड्याशिवाय होत नाही. सोड्यानं रंग राहतो, क जीवनसत्त्व जातं. पण गिऱ्हाईक रंग बघतं.

ऑगस्टमध्ये महापूर आला. नदीकाठचा भाजीपाला कुजला, महामार्ग बंद पडला, येईल तो माल दुप्पट-तिप्पट भावानं. आम्ही भाज्यांची संख्या कमी केली, तो बटाट्यावर कट ओतून डबे देत राहिला. त्याच सुमारास एका कारखान्याच्या कँटीनचं काम, जे वर्षानुवर्षं आमच्याकडे होतं, त्याला गेलं. "तुमची भाजी पेशंटची वाटते," असं आम्हाला सांगण्यात आलं. हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. दिवाळीपर्यंत दोन बायकांना कामावरून कमी करावं लागलं आणि माझ्या पाटल्या बँकेत गेल्या. दुकानाचं भाडं थकलं. "कट सुरू करूया" असं आमचे हे दोनदा म्हणाले. अक्कानं तिसऱ्यांदा म्हणू दिलं नाही.

त्या काळात हिंदवाडीच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका रोज येत होत्या. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणतो. स्वतःचा डबा आणायच्या आणि दुधी, पडवळ किंवा दोडका, यांपैकीच काहीतरी न्यायच्या. कौतुक करायचं त्यांना माहीत नव्हतं. डब्यात दुसऱ्या दिवशी चिठ्ठी असायची: "मूगडाळ काल कच्ची होती." "कोशिंबिरीला पाणी सुटलं, मीठ आधी का घातलंत?" अक्का चिडायची आणि चिठ्ठी जपून ठेवायची. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, डबे थांबले, तेव्हा बाईंचाच फोन आला. "तुम्ही शिजवू नका हो, नुसतं निवडून, चिरून द्या, आणि काय करायचं ते लिहून द्या. आमच्याकडची कामवाली येत नाही आणि सूनबाईंना दुधीतलं काही कळत नाही."

आज आमचा जो धंदा उभा आहे तो हाच आहे. धुऊन चिरलेली भाजी, सोबत भिजवायला मूठभर मूगडाळ किंवा हरभराडाळ, शेंगदाण्याच्या कुटाची पुडी आणि चिठ्ठी, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी. पल्या (सुकी भाजी) आणि कोसंबरी (भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर) यांसाठी लिंगायत घरांतून मागणी एवढी आली की कानडी बाजू आधी संपते की काय असं अक्का गमतीनं म्हणते. बाईंच्या सगळ्या तक्रारी आम्ही त्या चिठ्ठीत घातल्या आहेत.

आमच्याकडून घ्या नाहीतर नका घेऊ, पण एवढं करा. भाजी आधी धुवा, मग चिरा. पाव किलो दोडक्याला दोन लहान चमचे तेल भरपूर झालं. मोहरी पूर्ण तडतडू द्या, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, मग भाजी, आणि झाकणावर पाणी. कूट सगळ्यात शेवटी, नाहीतर तळाला लागतं. पालेभाजीवर झाकण नको, मोठ्या आचेवर परता. झाकण ठेवलं तर भाजीतलं आम्ल आतच कोंडतं आणि रंग मळकट होतो. मीठही ती बसल्यावर घाला, आधी ढीग बघून घातलं तर खारट होणारच. चाकवत आणि शेपूत थोडी मूगडाळ हवीच. कोशिंबिरीत मीठ वाढायच्या वेळी. आणि दुधी चिरताना एक कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर सगळाच टाकून द्या, पैसे गेले म्हणून हळहळू नका, कडू दुधीनं माणूस दवाखान्यात जातो. लग्न ठरलेल्या मुलींना आणि मुलांनाही एवढ्या चार भाज्या यायला हव्यात असं माझं मत आहे, कुणी विचारलं नसलं तरी.

त्या कारखान्याचे लोक गेल्या वर्षी परत आले. साहेबांच्या टेबलासाठी बिनतेलाची भाजी हवी होती, कामगारांसाठी नको. आम्ही सांगितलं, देऊ तर सगळ्यांना एकच. बोलणं अजून अडलेलं आहे.

आणि तो मुलगाही आता चिरलेल्या भाजीची पाकिटं विकतो. एक पाकीट अक्कानं मुद्दाम मागवलं. चिठ्ठी आमचीच, शब्द न् शब्द. शेवटच्या ओळीत "आमच्याप्रमाणे बिडाची कढई वापरत असाल तर भाजी लगेच काढून घ्या" हेसुद्धा तसंच छापलंय. त्याच्या स्वयंपाकघरात पहिल्यापासून सगळी भांडी जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची आहेत.